थंडी-पावसात गाडी ओव्हर होते, प्लग ओले निघतात : पेट्रोलच्या मागे लागायच्या आधी ठिणगी बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, की गाडी पेट्रोलची, जुनी, पण इंजेक्शनवाली, एक कॉइलपॅक (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारा डबा) आणि त्यातून चार प्लग वायरी. एरवी अर्ध्या सेल्फला चालू होते, पण थंडी आणि पाऊस एकत्र आले की सकाळी सेल्फ नुसता फिरत राहतो, मागे पेट्रोलचा वास येतो, प्लग काढले की चारही ओलेचिंब, म्हणजे गाडी ओव्हर होते, न जळलेलं पेट्रोल इंजिनात साठतं. इंजेक्टर साफ करून झाले, फ्युएल फिल्टर बदलला, फरक काही नाही. आणि एकदा गाडी नुसती जागची हलवून दुसरीकडे लावली आणि बंद केली, तर त्यानंतर दुपारपर्यंत चालूच झाली नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरा. प्लग ओला निघाला म्हणजे पेट्रोल जास्त येतंय असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की जे पेट्रोल आलं ते जळलं नाही. का जळलं नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि पावसाळी थंडीत त्याचं उत्तर बहुतेक वेळा पेट्रोलच्या बाजूला नसतं, विजेच्या बाजूला असतं. तुमचा सगळा खर्च आत्तापर्यंत पेट्रोलच्या बाजूला झालाय म्हणून हे जरा जोर देऊन सांगतोय.

थंड इंजिनमध्ये पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आणि जळते ती वाफ, थेंब जळत नाहीत. गरम इंजिनला १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा असा हिशोब चालतो, पण थंड असताना बरंचसं पेट्रोल इनटेकला आणि सिलिंडरच्या भिंतींना चिकटून बसतं, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मुद्दामच खूप जास्त सोडतो, जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत हेच काम चोक करतो. म्हणजे थंडीत सुरुवातीला प्रत्येकच इंजिन ओव्हर व्हायच्या काठावर असतं, तो बिघाड नाही, तसंच ठरवून केलेलं असतं. पण हे सगळं एका भरवशावर चालतं, की पहिल्या काही फेऱ्यांत ठिणगी पडेल आणि इंजिन पकडेल. नाही पकडलं तर प्रत्येक फेरीला आणखी पेट्रोल आत जातं, ते प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलीनवर बसतं, तिथे आधीची काजळी थोडीफार असतेच, आणि ती ओली काजळी वीज वाहून नेते. मग ठिणगीला गॅप ओलांडून जायची गरजच उरत नाही, ती बाजूने पळून जाते. इथून पुढे कितीही सेल्फ मारा, पेट्रोल वाढत जातं आणि ठिणगी मरत जाते.

आता यात ओल कुठे येते बघा. कॉइलमधून प्लगपर्यंत जी वीज जाते ती २० ते ३० हजार व्होल्टच्या घरात असते. एवढा दाब असला की वीज बाहेर पडायला कुठूनही वाट शोधते. प्लग वायरचं रबर जुनं झालं की त्याला केसाएवढ्या बारीक चिरा पडतात, उन्हाळ्यात त्या कोरड्या असतात म्हणून काही जाणवत नाही, गाडी मस्त चालते. पावसात त्याच चिरेत धूळ आणि ओल मिळून वाट तयार होते आणि ठिणगी प्लगच्या आत पडण्याऐवजी वायरमधून थेट इंजिनच्या बॉडीला पडते. यासाठी पाऊस बॉनेटच्या आत यायलाच पाहिजे असंही नाही, रात्रभर इंजिनचं लोखंड गार पडलेलं असतं आणि सकाळी दमट हवा त्याला लागली की कॉइलवर, कॅपवर, वायरींवर दव धरतं. म्हणून आडोशाला लावलेली गाडीसुद्धा असा त्रास देते.

तिसरी गोष्ट बॅटरी, आणि हिच्याकडे लोक सगळ्यात शेवटी जातात. तापमान शून्याच्या आसपास गेलं की बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी होते, त्याच वेळी ऑइल घट्ट झालेलं असतं म्हणून सेल्फला करंट जास्त लागतो. सेल्फ व्होल्टेज खाली ओढतो आणि जे उरतं त्यावर कॉइलला ठिणगी बनवायची असते. सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे असं म्हणू नका. सेल्फ ९ व्होल्टलाही फिरेल, पण ९ व्होल्टवर कॉइल जी ठिणगी देते ती ओल्या प्लगला पुरत नाही.

म्हणजे थंडी पेट्रोल वाढवते, थंडीच बॅटरी उतरवते आणि ओल उरलीसुरली ठिणगी चोरते. तिन्ही एकाच सकाळी येतात म्हणून गोंधळ होतो.

तर माझ्या मते पहिलं काम पाना हातात घ्यायचं नाहीच, पहिलं काम आठवायचं, की कोरड्या थंडीत गाडी कशी चालू होते? आणि पाऊस आहे पण थंडी नाही अशा दिवशी कशी होते? कोरड्या थंडीत व्यवस्थित चालू होत असेल आणि दमट दिवशीच हटून बसत असेल तर ईसीयू, सेन्सर, इंजेक्टर, पंप हे सगळं बहुतेक बरोबर आहे आणि दोष हाय टेन्शनच्या, म्हणजे ठिणगीच्या हजारो व्होल्टच्या बाजूला आहे, वायरी, कॉइलपॅक, प्लग, आणि डिस्ट्रिब्युटर (जुन्या गाड्यांत ठिणगी आळीपाळीने प्लगना वाटणारा भाग) असेल तर त्याची कॅप आणि रोटर. उलट पाऊस असो-नसो, गारठा पडला की त्रास, तर बॅटरी, टेंपरेचर सेन्सर, गळका इंजेक्टर, या दिशेने जा. हा एक प्रश्न विचारला की निम्मी शोधाशोध वाचते. तुमच्या लिहिण्यावरून दोन्ही मिळून त्रास होतोय असं वाटतं, म्हणून दोन्ही बाजू लिहितो, पण सुरुवात ओलीपासून करा.

आधी, सकाळी गाडी ओव्हर होऊन बसलीच तर काय करायचं ते सांगतो, कारण नेमकं तेव्हाच माणूस घाईत असतो.

सेल्फ मारणं थांबवा. अ‍ॅक्सिलेटर पूर्ण खाली दाबा, अगदी तळाला टेकेपर्यंत, आणि तसाच दाबून धरून सेल्फ मारा, ७-८ सेकंद, १० च्या वर नाही. बहुतेक इंजेक्शनवाल्या गाड्यांत ईसीयूला अशी सोय असते की इंजिन सेल्फवर फिरतंय आणि थ्रॉटल पूर्ण उघडा आहे असं दिसलं की तो इंजेक्टर बंद ठेवतो. मग नुसती हवा आत जाते आणि साठलेलं पेट्रोल सायलेन्सरवाटे बाहेर पडतं. पाय अर्धवट ठेवला तर ही सोय लागू होत नाही, पंप करत राहिलात तरी होत नाही, पूर्ण म्हणजे पूर्णच. मध्ये निदान अर्धा-एक मिनिट थांबा, सेल्फची मोटर आणि बॅटरी दोघांनाही उसंत हवी. दोन-तीनदा असं केल्यावर इंजिन लंगडत का होईना पकडायला लागलं की पाय हळूहळू वर घ्या, एकदम सोडू नका. बटण स्टार्टवाल्या काही गाड्यांत ब्रेकसोबत अ‍ॅक्सिलेटर दाबून सेल्फ किती वेळ फिरेल हे गाडीच ठरवते, तिथे आपल्या गाडीचं मॅन्युअल बघणं बरं.

तरीही नाही झाली तर बॉनेट उघडून १५-२० मिनिटं सोडून द्या. खरंच सोडून द्या, मध्येमध्ये "एकदा बघू" करू नका, तेवढ्यानेच परत ओली होते. शक्य असेल तर या वेळात बॅटरी चार्जरला लावा, कारण एव्हाना ती निम्मी संपलेली असते.

धक्का मारून चालू करायचा मोह टाळा. ओव्हर झालेल्या इंजिनात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) साठलेलं असतं, इंजिन अर्धवट पेटलं की ते सगळं कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो आतून वितळू शकतो. कन्व्हर्टर हा गाडीतल्या सगळ्यात महाग वस्तूंपैकी एक आहे, दहा मिनिटं वाचवायला तो घालवू नका.

प्लग काढायची वेळ आली तर आधी प्लगच्या खळग्यातलं पाणी आणि कचरा हवा मारून काढा, नाहीतर तो थेट सिलिंडरमध्ये जातो. प्लग काढल्यावर फ्युएल पंपचा फ्यूज किंवा रिले काढा, कॉइलपॅकचा कनेक्टरही काढून ठेवा, आणि मग सेल्फ मारा, आतलं पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर पडेल. कॉइलचा कनेक्टर काढायचा म्हणतोय त्याला दोन कारणं आहेत, एक तर समोर पेट्रोलची वाफ उडतेय तिथे एकही ठिणगी नको, आणि दुसरं, वायर मोकळी लोंबत असताना कॉइलला ठिणगी टाकायला जागा मिळाली नाही की ती आतून जळते, कधी ईसीयूमधलं कॉइल चालवणारं सर्किटही सोबत घेऊन जाते. उघड्या प्लगहोलजवळ प्लग बॉडीला टेकवून "ठिणगी येते का बघू" हा प्रकार ओव्हर झालेल्या इंजिनावर कृपा करून करू नका. आग लागते.

प्लग नीट बघा, ते खूप काही सांगतात. चारही ओले असतील तर दोष सगळ्यांना सामाईक आहे, कॉइलपॅकचा सप्लाय, बॅटरी, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा), टेंपरेचर सेन्सर असं काहीतरी. एकच ओला आणि बाकी कोरडे असतील तर त्या एका सिलिंडरची वायर, प्लग, नाहीतर इंजेक्टर. तुमच्यासारखा कॉइलपॅक असेल तर जोडीतले दोन ओले निघणं हीही खूण आहे, कारण चार सिलिंडरच्या अशा कॉइलपॅकमध्ये एकेक कॉइल दोन-दोन प्लगना ठिणगी देते, सहसा १-४ आणि २-३. त्या जोडीतले दोन ओले म्हणजे ती कॉइल संशयित. पोर्सिलीनच्या बाहेरच्या बाजूवर उभी काळी बारीक रेघ दिसली तर ती वीज बाहेरून पळाल्याची खूण, मग तो प्लग आणि त्यावरचं रबरी बूट दोन्ही बदला, एकच बदललं तर जुन्यावरची रेघ नवीनला खराब करते. ओला नाही पण मऊ कोरडी काजळी भरलीय असा प्लग असेल तर गाडी गरमच होत नाहीये, छोट्या छोट्या फेऱ्या होतायत. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळून साफ होते, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तिथपर्यंत पोचतच नाही.

प्लग जुने असतील तर सरळ नवीन टाका. गॅप झिजून वाढला की तो ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि जितकं जास्त व्होल्टेज तितकी वायरच्या चिरेतून पळायची शक्यता जास्त. म्हणजे प्लग खराब आणि वायर काठावर अशी जोडी असली की नेमकी पावसातच गाडी बसते. गॅप गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा, बऱ्याच गाड्यांत तो ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. इरिडियम प्लग असतील तर तारेच्या ब्रशने घासू नका, ते टोक इतकं बारीक असतं की तुटतं.

आता वायरी तपासायची माझी आवडती पद्धत. रात्री, अंधारात, इंजिन चालू करून बॉनेट उघडा आणि साध्या फवाऱ्याच्या बाटलीने वायरींवर, कॉइलपॅकवर, बूटांवर पाण्याचं अगदी हलकं धुकं मारा. ओतू नका. गळती असेल तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात, टक-टक असा आवाज येतो, आणि त्याच क्षणी इंजिन मिसिंग करायला लागतं. याच्याइतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या कुठल्या मशीनने मिळत नाही. हात मात्र लांब ठेवा, सैल कपडे आणि ओढण्या पंख्याच्या-बेल्टच्या जवळ नकोत, आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी या तपासणीच्या आसपासही थांबू नये. पेट्रोल गळतंय असा जरा जरी संशय असेल तर ही टेस्ट अजिबात करायची नाही. मल्टिमीटरने वायरचा रेझिस्टन्स मोजता येतो, पण त्यात आतली तार तुटलीय का एवढंच कळतं, रबराची चिर कळत नाही, म्हणून मीटरवर बरोबर दाखवणारी वायर पावसात दगा देऊ शकते.

तोपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून पाणी हाकलणारा स्प्रे मारतात, डब्ल्यूडी-४० तर मुळात त्याच कामासाठी १९५३ साली बनला, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं. इंजिन बंद असताना मारा, तो पेट घेणारा आहे, काही मिनिटं उडून जाऊ द्या, मग सेल्फ. गाडी चालू होईल पण दुरुस्ती झाली असं समजू नका, उलट स्प्रे मारून फरक पडला तर निदान पक्कं झालं की दोष ओलीचा आहे, आता वायरींचा सेट बदला. नवीन बूट बसवताना आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवा, ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट निघतानाही फाटत नाही.

पाणी येतंय कुठून हेही शोधा. काचेखालच्या जाळीत पानं अडकली की ड्रेन तुंबतो आणि पाणी मागच्या बाजूने इंजिनवर ठिबकतं, हे मी फार वेळा बघितलंय. खालचं प्लास्टिकचं कव्हर किंवा चाकाच्या आतलं लायनर तुटलेलं असेल तर टायरने उडवलेलं पाणी थेट वायरींवर येतं. ज्यांच्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे त्यांना वायरींचा प्रश्न नाही, पण तिथे प्लग खोल खड्ड्यात असतात आणि त्यात पाणी साठतं, इंजिन वरून पाण्याने धुतल्यावर तर हमखास.

ओलीची ही भानगड किती जुनी आहे ते सांगतो. १९५९ ची मूळ ब्रिटिश मिनी. तिच्या सुरुवातीच्या नमुन्यात कार्ब्युरेटर पुढच्या बाजूला होता, तिथे गार हवेत बर्फ धरायचा, पुढे इंजिनची मागची बाजू पुढे करून बसवलं त्यामागे हेही एक कारण सांगतात. पण त्यामुळे डिस्ट्रिब्युटर बरोबर ग्रिलच्या मागे आला आणि जोराच्या पावसात पाणी थेट त्यावर. मग लोक त्यावर रबराचे, प्लास्टिकचे पडदे लावत बसले. गाडी तीच, इंजिन तेच, फक्त पाणी कुठे पोचतंय एवढ्यावर सगळं अवलंबून.

आता थंडीची बाजू. बॅटरी रात्रभर शांत पडल्यावर मीटरने मोजा, १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून तेव्हाचा आकडा बघा, तो ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी, नाहीतर तिची टर्मिनलं, नाहीतर इंजिनची अर्थिंग पट्टी. ही अर्थिंग पट्टी फार दुर्लक्षित आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावून सेल्फ मारा, तिथे अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर पट्टी गंजलीय, काढून घासून परत घट्ट करा. ऑइलही कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं आहे ना बघा, २०डब्ल्यू-५० भरून गारठ्यात सेल्फ मारला तर इंजिन जड फिरणारच.

मग कूलंट टेंपरेचर सेन्सर. माझा अनुभव असा की कोरड्या थंडीत ओव्हर होणाऱ्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत बॅटरीनंतर याचाच नंबर लागतो. ईसीयूला इंजिन किती गार आहे हे फक्त यावरूनच कळतं. सेन्सर खोटं बोलला, म्हणजे बाहेर १२ अंश असताना उणे २० सांगितलं, तर ईसीयू बिचारा आज्ञाधारकपणे तेवढं पेट्रोल सोडतो. तपासणी एकदम सोपी आहे : रात्रभर उभी असलेली गाडी, सेल्फ न मारता नुसतं इग्निशन ऑन करायचं, ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधले आकडे वाचणारं यंत्र) लावायचा आणि कूलंट टेंपरेचर व इनटेक हवेचं टेंपरेचर दोन्ही वाचायचे. दोन्ही एकमेकांच्या जवळपास आणि बाहेरच्या हवेएवढेच यायला हवेत. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरचा कनेक्टर निघालाय किंवा वायर तुटलीय. स्कॅनर नसेल तर सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा, बऱ्याच गाड्यांत २० अंशाला २ ते ३ किलोओहम असतो आणि इंजिन गरम झाल्यावर दोन-तीनशे ओहमवर येतो. कनेक्टरमध्ये हिरवा गंज असला तरी रेझिस्टन्स वाढतो आणि ईसीयूला तो गारठाच वाटतो, म्हणून सेन्सर बदलायच्या आधी कनेक्टर साफ करा. चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणून सेन्सर बरोबर असं धरू नका, वायर तुटली तर दिवा लागतो, पण वीस-तीस अंशांची थाप बऱ्याचदा ईसीयूला ओळखता येत नाही.

गळका इंजेक्टर शेवटी तपासा. गाडी बंद केल्यावर फ्युएल रेलचं (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीचं) प्रेशर काही मिनिटांत झपाट्याने पडत असेल आणि एकच प्लग कायम ओला निघत असेल तर संशय घ्या. रेलवर व्हॅक्यूमवाला प्रेशर रेग्युलेटर असेल तर त्याची बारीक नळी काढून वास घ्या, त्यात पेट्रोल ओलं लागलं तर आतला पडदा फाटलाय, तो बदलल्याशिवाय गाडी सुधारणार नाही. तुमचे इंजेक्टर साफ झालेत आणि चारही प्लग ओले आहेत, म्हणून इथे दोष असण्याची शक्यता मला कमी वाटते.

गाडी नुसती हलवून बंद केली आणि मग दुपारपर्यंत चालू झाली नाही, ती गोष्ट मात्र वेगळी आहे, तिच्यात सुटा भाग खराब असेलच असं नाही. गार इंजिन चालू झालं की पहिलं मिनिटभर सगळ्यात जास्त पेट्रोल आत जातं. त्याच क्षणी बंद केलं तर ते पेट्रोल भिंतींवर तसंच राहतं, प्लग काजळतात, आणि सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन निघतं. ऑइल गेलं की पिस्टन रिंग नीट सील करत नाहीत, कॉम्प्रेशन पडतं. अशा वेळी सेल्फचा आवाज ऐका, नेहमीसारखा दम घेत-घेत फिरण्याऐवजी तो एकसारखा हलका भुर्रर्र असा फिरतो, टायमिंग बेल्ट तुटल्यावर फिरतो तसाच. लोक घाबरून बेल्टच उघडायला निघतात. थांबा, आधी प्लग काढून पेट्रोल बाहेर काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाका, सेल्फने चार-पाच फेऱ्या फिरवा म्हणजे जास्तीचं ऑइल बाहेर पडेल, आणि कोरडे प्लग लावून चालू करा. कॉम्प्रेशन लगेच परत येतं. थोडा वेळ निळा धूर येईल, त्याची काळजी नको. माझदाच्या रोटरी इंजिनवाल्या गाड्या तर या एका सवयीसाठी कुप्रसिद्ध आहेत, गार असताना हलवून बंद केली की ओव्हर. म्हणून गाडी जागची हलवायचीच असेल तर नंतर ती गरम होईपर्यंत चालू ठेवा, मोकळ्या हवेत, बंद गॅरेजमध्ये नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

ज्यांच्याकडे कार्ब्युरेटरवाली गाडी आहे त्यांच्यासाठी थोडं. तिथे अ‍ॅक्सिलेटर दाबताना पंप करायचा नाही, प्रत्येक दाबाला अ‍ॅक्सिलेटर पंप पिचकारी मारतो. चोक आत ढकला, पाय एकदाच तळाला नेऊन तिथेच धरा, आणि सेल्फ. चोकची पट्टी गरम झाल्यावर पूर्ण उघडते का एअर फिल्टर काढून डोळ्यांनी बघा, केबल अडकलेली असते. कार्ब्युरेटरच्या अंगावरून पेट्रोल ओघळत असेल तर फ्लोटची (आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) निडल बसत नाहीये किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरलंय. आणि एक गोष्ट ओव्हर होण्यासारखीच दिसते पण नसते, ती म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणं. दमट हवा, तापमान शून्य ते दहा-बारा अंश, गाडी नीट चालू होते, काही किलोमीटर जाते, मग दम सोडून बंद पडते. पेट्रोलची वाफ होताना आतली उष्णता ओढली जाते, हवेतली ओल गळ्याशी गोठते. दहा मिनिटं थांबलं की इंजिनच्या गरमीने बर्फ वितळतो आणि काहीच झालं नाही अशी गाडी चालू होते, गॅरेजला नेईपर्यंत पुरावा पाणी होऊन गेलेला असतो. तिथे एक्झॉस्टजवळून गरम हवा आणणारा पाइप जागेवर आहे का आणि एअर क्लीनरची हिवाळा-उन्हाळा फ्लॅप बरोबर बाजूला आहे का एवढं बघा, बरेचदा तो पाइप कुणीतरी काढून फेकलेला असतो.

गाडी सुटली की ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा पातळी वर गेलेली दिसली तर पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरलंय, ते ऑइल बेअरिंगना सांभाळू शकत नाही, ऑइल आणि फिल्टर बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. आणि कधी सेल्फ मारल्यावर इंजिन ठक्क करून जागच्या जागी अडकलं तर दुसऱ्यांदा किल्ली फिरवू नका, सिलिंडरमध्ये पातळ पेट्रोल किंवा पाणी भरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढूनच पुढचं.

तुमच्यापुरतं म्हणाल तर मी या क्रमाने जाईन : अंधारात फवारा टेस्ट, प्लग आणि वायरींचा सेट, सेल्फ मारतानाचं व्होल्टेज, मग इग्निशन ऑन करून कूलंट आणि हवेचं टेंपरेचर. इंजेक्टर आणि पंपाला सध्या हात लावू नका. फवारा टेस्टला ठिणगी कुठे दिसली, सेल्फ मारताना मीटरवर किती आलं, आणि सकाळी स्कॅनरवर दोन्ही टेंपरेचर किती होते, एवढं कळवा, म्हणजे कॉइलपॅकला हात लावायचा की सेन्सरला ते नेमकं सांगता येईल.